कुंपणाच्या आतलं गवत

२२ जुलै

धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू पत्र न फोडता भिरकावून देशील, म्हणून पत्ता नावाड्याकडून लिहून घेतला आहे. तू बेट सोडल्यावर हा आला, त्यामुळे तुझी त्याची गाठ नाही. त्याला सगळे मौनी म्हणतात. तिकडच्या धक्क्यावरून इकडे यायला दीड तास लागतो आणि तो दीड तास याच्या तोंडाला कुलूप म्हणून नसतं, तेव्हा नाव कुणी ठेवलं ते तूच समज. अक्षर मात्र सुरेख आहे.

आता कामाचं. आमच्या सरकारी ऑफिसला बेटाचा जुना इतिहास नोंदवून ठेवायचा आहे. टेकडीच्या दक्षिण उतारावर अकरा वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या शेळ्या चरायच्या, त्याबद्दल चार गोष्टी तुझ्याकडून लेखी हव्या आहेत. एकूण किती होत्या? (मला साठ आठवतात, बाबा कधी छप्पन म्हणायचे, कधी सत्तर.) वर कोणत्या महिन्यात न्यायचात, खाली कधी उतरवायचात? आणि बाबांनी उताराचे जे पट्टे मनातल्या मनात पाडले होते ते कुठून कुठपर्यंत, आधी कुठला आणि मग कुठला? घाई नाही. पण ऑक्टोबरच्या आत मिळालं तर बरं होईल.

यंदाची मोजणी संपली. फुलपाखरं ठीक आहेत. वारा फार होता.

घर आहे तसंच आहे. स्वयंपाकाच्या खिडकीची काच तडकली होती, तिला पट्टी लावली. दर गुरुवारी मौनी येतो, तेवढंच माणसाचं तोंड दिसतं. बाकीचे सहा दिवस मी किटलीशी बोलते, आणि ती निदान शिट्टी तरी घालते. तू इस्पितळात लिफ्ट चालवतोस असं कळलं. म्हणजे चढउतार काही तुझा सुटला नाही. राग आला असेल तर हे वाक्य सोडून पुढे वाच, पण पुढे काही नाही.

ताई


९ ऑगस्ट

धाकट्या,

दोन गुरुवार गेले. पहिल्या गुरुवारी मी धक्क्यावर उभी होते, दुसऱ्या गुरुवारी मुद्दाम उशिरा गेले. दोन्ही वेळा मौनीने दुरूनच हात हलवून नाही म्हणून सांगितलं, आणि मग जवळ येऊन तेच पंधरा मिनिटं सांगितलं.

मागच्या पत्रात खोटं लिहिलं होतं. ऑफिसला इतिहासबितिहास काही नको आहे. मला हवं आहे.

मोजणी कशी करतात हे तू वर्षानुवर्षं बघितलं आहेस आणि वर्षानुवर्षं त्याला हसला आहेस. उडायच्या मोसमात, तीन आठवडे, रोज दहा ते बारा, त्याच वाटेने, त्याच चालीने. उजवीकडे पाच पावलं, डावीकडे पाच पावलं, त्यात दिसेल ते मोजायचं आणि मोसमातला सगळ्यात मोठा दिवस वर्षाचा आकडा म्हणून धरायचा. तू गेलास त्या वर्षी आकडा चारशे बारा होता. यंदा नऊ आहे. नऊशे नाही, नव्वद नाही, नऊ. सहा नर आणि तीन माद्या.

ज्याला त्याला वाटतं, त्यात काय, तिकडे मोठ्या जमिनीवर हीच फुलपाखरं ढिगाने आहेत, चार डबे भरून आणा आणि सोडा. एकदा आणली होती, मी नोकरीला लागले त्याच वर्षी, चाळीस. तिकडची ती उंच उडतात. इथे जे उंच उडतं ते वाऱ्याबरोबर समुद्रात जातं. संध्याकाळपर्यंत चाळीसातलं एक उरलं नव्हतं. आपली लहान, पंखाखाली ठिपक्यांची एकच ओळ असलेली, आणि गुडघ्याच्या वर कधी न जाणारी. अशी जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. या उतारावरची संपली की संपली.

आणि उतारावरचं गवत आता माझ्या कमरेला लागतं. गुडघ्याच्या वर न उडणाऱ्याने कमरेइतक्या गवतात करायचं काय? पण खरी गोम त्याच्याही खाली आहे. सुरवंट जांभळ्या फुलांच्या झुडपावर तीन आठवडे खातो आणि मग जमिनीवर पडतो. लाल मुंग्या त्याला उचलून वारुळात नेतात, आपलंच पोर समजून दहा महिने सांभाळतात. त्या मुंग्यांना ऊन लागतं. जमीन तापली नाही की त्या घर सोडतात. गवत वाढलं, जमीन गार पडली, मुंग्या गेल्या, आणि सुरवंट पडतो तो पडूनच राहतो.

कुंपण घालायच्या आदल्या दिवशी ऑफिसची सगळी माणसं उतारावर जमली होती ते तुला आठवत असेल. मी शेळ्यांनी खाल्लेल्या फुलांचे आकडे वाचून दाखवत होते. तू मागून म्हणालास, "शेळ्या फुलं खातात तसं गवतही खातात, ताई. उद्या गवत कोण खाणार, तू?" सगळे हसले. मीही हसले. मग चराई तत्काळ बंद करावी, असं लिहिलेल्या कागदावर सही केली.

तुझं बरोबर होतं. लिहायला एवढंसं वाक्य, पण ते लिहायला मला दोन गुरुवार लागले.

शेळ्या घेऊन ये. एका हिवाळ्यापुरता ये. नाहीतर पट्टे तरी लिहून पाठव.

ताई


३० ऑगस्ट

धाकट्या,

तुझ्यावाचून अडतंय की काय, असं म्हणून मी स्वतःच करायला गेले. हात दाखवून अवलक्षण.

तिकडच्या एका दूधवाल्याकडून महिन्याच्या बोलीवर बारा शेळ्या आणल्या. मौनीने आयुष्यात पहिल्यांदा दीड तास गप्प बसून होडी चालवली, कारण एक शेळी त्याच्या मांडीवर बसली होती. धक्क्यावर उतरल्या उतरल्या एकीने माझ्या पिशवीचा पट्टा खाल्ला. मला हसू आलं, खरंच आलं. कितीतरी दिवसांनी या बेटावर माझ्याखेरीज कुणीतरी आवाज करत होतं.

कुंपणाच्या फाटकाची किल्ली माझ्याकडेच असते. ऑफिसला कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाराही जणींना आत घेतलं. वाटलं होतं, गवत समोर आहे, तोंड त्यांना आहे, यात शिकण्यासारखं काय असणार. त्यांनी गवताकडे बघितलंसुद्धा नाही. जांभळ्या झुडपांवर तुटून पडल्या, जी चारदोन उरली आहेत त्यांच्यावर. मी ओरडत धावले तशा त्या पांगल्या. तुमच्या शेळ्यांना कडा कुठे संपतो ते जन्मापासून माहीत होतं. या सपाटीवरच्या. दोन खाली गेल्या.

कड्यावरून वाकून बघायचा धीर झाला नाही, पण बघितलं. मग तिथेच बसून राहिले. उरलेल्या दहा एकेक करून आपणहून फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या, माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं. गुरुवारी परत पाठवल्या. दूधवाल्याला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्याने दोघींची नावं सांगितली. मला ती ऐकायची नव्हती.

बाबा साठ शेळ्या वर नेत आणि साठच खाली आणत. आणि मी त्यांना सांगत असे की शेळ्या राखणं म्हणजे झाडाखाली झोपा काढणं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

धाकट्या, मला हे येत नाही. तुला येतं. एवढंच म्हणते आहे.

ताई


१७ सप्टेंबर

धाकट्या,

तुझ्या बायकोचं पत्र आलं. तुला न सांगता लिहिलं असेल तर तिला रागावू नकोस. सात ओळींचं आहे, मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटायला आलं. ती लिहिते, "वन्सं, तुमची तिन्ही पत्रं पोचली. तिन्ही त्यांनी वाचली. म्हणाले, ती तिथे असेपर्यंत मी त्या बेटावर पाय ठेवणार नाही. मी पुढे काही विचारलं नाही. मग जेवण झाल्यावर आपणच म्हणाले, जून झालेल्या गवतावर मिठाचं पाणी मारायचं असतं, एवढंसुद्धा तिला माहीत नाही."

मिठाचं पाणी. लहानपणी बाबा झारी घेऊन उतारावर फिरायचे तेव्हा मला वाटायचं, समुद्राच्या मधोमध राहून हा माणूस टेकडीला पाणी घालतोय. मी मैत्रिणींमध्ये त्यांची नक्कल करत असे. शेळ्या मिठाच्या ओढीने ते राठ गवत खायच्या आणि झुडपं सुटायची, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी तुझ्या बायकोच्या सातव्या ओळीतून कळलं. तीस वर्षं मी या उतारावर नोकरी केली.

तू पाय का ठेवणार नाहीस ते तिने लिहिलेलं नाही. लिहायची गरज नाही. कुंपण तू कदाचित गिळलं असतंस. शेळ्या विकल्यास, बाबांना घेऊन गेलास, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्यास, तेही. पण बाबा गेले तेव्हा मी आले नाही.

तेव्हा मी सांगितलं होतं की निरोप उशिरा मिळाला आणि होडी नव्हती. सात वर्षं मी हेच सांगत आले, विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही. होडी होती. निरोप घेऊन जो नावाडी आला, मौनीच्या आधीचा, तो म्हातारा, तो धक्क्यावर थांबून राहिला. सकाळचे साडेनऊ वाजले होते. मोजणीचा सहावा दिवस होता. मी म्हटलं, बाबांना बरं नाही असं लिहिलंय, म्हणजे दोनचार दिवस जातील. एक दिवस चुकला तर वर्षाचा आकडा चुकतो. बारापर्यंत थांब, मोजून येते. तो म्हणाला, "बाई, तेव्हा भरती उतरलेली असेल. आत्ता चला."

मी वर गेले. त्या दिवशी एकशे अठरा लागली. तो आकडा मला अजून पाठ आहे. खाली आले तर तो गेला होता.

तुझ्या घरी बाबा शेवटी काय म्हणाले ते मला कुणी सांगितलेलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. शेळ्यांचं विचारत होते, एवढं उडत उडत कानावर आलं. माझं विचारत होते का, ते तू सांगू नकोस. विचारत असले तरी नको आणि नसले तरी नको.

ताई


४ ऑक्टोबर

धाकट्या,

या पत्राची मी चार वेळा सुरुवात केली. पाऊस आहे, मौनी दोन गुरुवार आला नाही, तेव्हा माझ्याकडे वेळच वेळ आहे. बोलायला लागले की घोगरा आवाज येतो, वापर नसल्यामुळे. काल जिन्याच्या कठड्याला कोपर लागलं आणि "आई गं" म्हटलं, तो गेल्या पाच दिवसांतला पहिला शब्द.

अजून एक गोष्ट राहिली आहे. ती सांगितली की माझ्या पोटात काही उरणार नाही.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. कुंपणाच्या बाहेर, पाण्याच्या टाकीकडे जायच्या वाटेच्या कडेला, हातभर रुंदीचा पट्टा आहे. माझ्या येण्याजाण्याने तिथलं गवत तुडवून तुडवून कायम बोटभर राहिलेलं. मोजणीची वाट तिथून जात नाही. एकदा पाणी आणायला गेले तर तिथे फुलपाखरं. मी कळशी खाली ठेवली आणि मोजली. कुंपणाच्या आत, एवढ्या राखलेल्या उतारावर त्या दिवशी चौतीस होती. त्या हातभर पट्ट्यात एकवीस.

मी स्वयंपाकघरातला तापमापक आणून दोन्हीकडच्या मातीत खुपसला. कुंपणाच्या आत माती सात अंशांनी गार होती. मी काही खुळी नाही. कळशी उचलायच्या आत मला सगळं कळलं होतं. तेव्हाच फाटक उघडलं असतं तर आज नऊवर आलो नसतो.

उघडलं नाही. का, ते लिहिते. कुंपण चुकलं असं म्हटलं, की तू फुकट गेलास. शेळ्या फुकट गेल्या. बाबा त्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसून फुकट झुरले. आणि त्या दिवशी मी धक्क्यावरून मागे फिरले तेही फुकट. एवढं सगळं फुकट गेलं असं एका कागदावर लिहून खाली सही करायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, एखादं चांगलं वर्ष येईल. हवामान प्रतिकूल, असं लिहीत गेले. नाचता येईना, अंगण वाकडं.

आणि नुसतं तेवढंच असतं तर निभावलं असतं. मी आकडे बदलले, धाकट्या. कच्च्या वहीत खरा आकडा, ऑफिसच्या रजिस्टरात दुसरा. पहिल्या वर्षी थोडाच बदलला, चौतीसचे चौसष्ट. पुढे एकदा खोटं लिहिलं की पुढचं त्याला धरून लिहावं लागतं. मोजणारी मी एकटी. तपासायला कोण येणार, आणि आलं तरी त्याच दिवशी त्याच तासाला फुलपाखरांनी उडायला हवं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज ऑफिसच्या दप्तरी या बेटावर एकशे सव्वीस फुलपाखरं आहेत आणि त्यांना वाटतं आहे की सगळं आलबेल आहे.

म्हणजे तू उद्या शेळ्या घेऊन उभा राहिलास तरी ते फाटक उघडणार नाहीत. उघडायचं कारणच त्यांच्याकडे नाही. ते कारण माझ्या कपाटात आहे, सात कच्च्या वह्या.

मी तीस वर्षं या फुलपाखरांसाठी राहिले असं लोक म्हणतात. लग्न केलं नाही, माणसं सोडली. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं. पण सहा वर्षं मी त्यांना मरू दिलं, आणि तेही तुझ्यापुढे मान खाली घालावी लागू नये म्हणून. याहून लाजिरवाणं मला काही सुचत नाही.

ताई


२६ ऑक्टोबर

धाकट्या,

गेल्या गुरुवारी मी तिकडे गेले होते. सातही वह्या पिशवीत होत्या. मौनी होडीत विचारत होता, बाई, एवढं काय वजनदार नेताय? मी म्हटलं, बटाटे.

आमच्या साहेब बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत. माझ्याच अहवालांवर त्यांनी परीक्षा दिली आहे, हे त्या नेहमी कौतुकाने सांगायच्या. मी वह्या टेबलावर ठेवल्या आणि कोणती कशाची ते सांगितलं. त्यांनी कच्ची वही आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवून सगळी पानं पडताळली. तासभर. मध्ये कुणीतरी चहा आणून ठेवला, तो दोघींचाही निवला. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "का?" मी सांगितलं. तुला लिहिलं तेच, तितकंच. त्यांनी वह्या एकावर एक रचून आपल्या बाजूला ओढल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग कामाचं बोलणं झालं. कुंपण नोव्हेंबरातच काढायचं. हिवाळाभर शेळ्या वर ठेवायच्या, झुडपाला कळ्या धरायच्या आत उतरवायच्या. सहा नर, तीन माद्या होत्या म्हणजे वारुळांत काही सुरवंट आत्ताही असतील. जमीन वेळेवर तापली तर वाचतील. त्यासाठी उतार ओळखणारा माणूस हवा. त्यांनी विचारलं, असा कुणी आहे का? मी तुझं नाव दिलं. पत्ता दिला. मीठ आणि झारी सरकारी खर्चाने मिळायला हवी हेही लिहून घेतलं.

चौकशी होईल म्हणाल्या. पण मला काढून टाकायचं त्यांच्या मनात नाही. दोन माणसांच्या नजरेखाली मी मोजणी करत राहावं, कारण उडताना नर कुठला आणि मादी कुठली हे सांगणारे डोळे दुसरे नाहीत. मी म्हटलं, माझा भाऊ मी तिथे असेपर्यंत येणार नाही. त्या म्हणाल्या, आम्ही त्यांची समजूत काढू. मी हसले. म्हटलं, आमच्या घराण्यात सुंभ जळतो, पीळ जात नाही. त्याला बदला, नाहीतर मला. आणि त्याला बदलून तुम्हाला दुसरा मिळणार नाही.

राजीनामा तिथेच लिहिला.

होडीला वेळ होता म्हणून इस्पितळात आले होते. हो, आले होते. तू लिफ्ट चालवतोस हे कळलं होतं, कुठली ते माहीत नव्हतं, पण दोनच आहेत. मी खालच्या मजल्यावर गर्दीत उभी राहिले. दार उघडलं. तू स्टुलावर बसला होतास, केस सगळे पांढरे, बटणांवर बोट. कुणाकडे न बघता म्हणालास, "वर जाणारे." आवाज अगदी बाबांचा झाला आहे. माझ्यापुढे एक लठ्ठ गृहस्थ होते, ते आत शिरले, त्यांच्या मागून जागा होती. एक पाऊल टाकायचं होतं. तू मान वर केली नाहीस आणि मी पाऊल टाकलं नाही. दार बंद झालं.

तिसऱ्या मजल्यापर्यंत आकडे बदलताना बघितले आणि मग निघाले.

ताई


१२ नोव्हेंबर

धाकट्या,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. टेबलावर रजिस्टराखाली ठेवते आहे. ऑफिसकडून कळलं, तू हो म्हणालास. अट तीच, आणि ती त्यांनी मान्य केली आहे. आज मौनी दोन फेऱ्या करणार आहे. सकाळच्या फेरीने मी जाते, दुपारच्या फेरीने तू, तुझी बायको आणि चाळीस शेळ्या. मौनीला बजावलं आहे की एकाचं दुसऱ्याला काही सांगायचं नाही. त्याला ते जमायचं नाही, पण तू ऐकलं नाहीस असं दाखव.

घराचं सांगते. पंपाचा दट्ट्या आधी तीनदा कोरडा मारावा लागतो, मग पाणी येतं. मागच्या दाराला खालून पाय लावून ओढायचं. तुझ्या बायकोसाठी मोठ्या खोलीतला पलंग खिडकीपासून हलवून ठेवला आहे, तिथे सकाळी ऊन डोळ्यावर येतं. कपाट रिकामं केलं. मला वाटलं होतं दोन दिवस लागतील, पाऊण तासात झालं.

पट्ट्यांबद्दल मी काही लिहीत नाही, ते तुला माहीत. मोजणीचं लिहिते, ते मला माहीत. वाट जिथून जाते तिथे पांढरे दगड लावले आहेत. दगडाकडून दगडाकडे जायचं, घाई करायची नाही आणि रेंगाळायचंही नाही. वाऱ्याच्या दिवशी मोजायचं नाही. नर जास्त निळा, मादीच्या पंखाला काळपट काठ असतो. पहिल्या वर्षी तुझी गफलत होईल, होऊ दे, तसं लिही. एकच फुलपाखरू पुन्हा पुढे आलं असं वाटलं तर ते धरायचं नाही. आशेने मोजायचं नाही. दिसलं तेवढं लिहायचं, आणि शून्य असेल तर शून्य लिहायचं. हे मी तुला शिकवावं म्हणजे कमालच आहे, पण शिकवायला दुसरं कुणी नाही.

तिकडे एका शिंप्याच्या दुकानावर मी खोली घेतली आहे. खाली दिवसभर मशीन चालतं. बरं आहे, आवाज आहे. पुढे काय करणार असं साहेब बाईंनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, बघू. खरं सांगायचं तर मला काही दिसत नाही. सकाळी दहा वाजता माणसं काय करतात हे मला शिकावं लागेल.

माफी मागायला मी पत्र लिहायला बसले की प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी लिहिते. आता सरळ लिहिते. बाबांच्या बाबतीत मी चुकले. तुझ्या बाबतीत चुकले. ज्यांच्यासाठी तुम्हा दोघांना दूर केलं, त्यांच्या बाबतीतही चुकले. तू क्षमा करावीस असं मी म्हणत नाही. शेळ्या घेऊन येतो आहेस, त्यात मी माझ्यासाठी काही शोधणार नाही.

मौनी खालून हाका मारतो आहे.

वाचलेच तर पहिलं फुलपाखरू जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघेल, ऊन पडल्यावर, दहाच्या सुमाराला. निघालं की कळव. मला नको, ऑफिसला कळव. नाही निघालं तरी कळव. मी दर गुरुवारी तिथे जाऊन विचारत जाईन.

ताई